चिठ्ठीवर बावीस, तारेत सव्वीस

सुज्ञ आणि सहृदय वाचकहो, प्रस्तुत कथेत एका बापाच्या अंतःकरणात शिरलेल्या मत्सराची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. हा मत्सर भावाचा नव्हता, शेजाऱ्याचा नव्हता, की कोणा श्रीमंताचाही नव्हता. ज्याला हाडमांस नाही, ज्याची सावलीसुद्धा कोणीतरी पेन्सिलीने काढलेली आहे, अशा एका चित्रातल्या गृहस्थाचा तो मत्सर होता. खेळावरच्या एका जपानी चित्रमालिकेने एका मुलीस मोठे कसे केले, आणि तिच्या पाठोपाठ तिच्या बापासही थोडेसे मोठे होणे कसे भाग पडले, हे यात यथाक्रम येईल. वाचकांनी हसावे तेथे अवश्य हसावे. मात्र बापाला अगदीच टाकून बोलू नये, एवढी विनंती आरंभीच करून ठेवतो.

बॅडमिंटनच्या बंदिस्त क्रीडागृहात, प्रेक्षकांच्या सज्जाकडे जाणाऱ्या जिन्याखाली, दोन अरुंद गाळे आहेत. पहिल्यात खेळाडूंच्या बुटांना तळवे चिकटवणारा बूटवाला बसतो. दुसऱ्यात बसतो तो आपल्या कथेचा नायक. रॅकेटीच्या चौकटीत तारा विणून त्या ताणून बसवणे, यास खेळाडू गटिंग म्हणतात, म्हणून त्यास सर्वजण गटिंगवाला म्हणत. गेली एकोणीस वर्षे त्याचा हा उद्योग. तरुणपणी तो स्वतः बरा खेळत असे, पण गुडघ्याने दगा दिला आणि मैदानावरचा माणूस मैदानाच्या जिन्याखाली आला.

त्याच्या कामाची एक रीत होती. प्रत्येक रॅकेट पुरी झाली की तो अंगठ्याच्या नखाने मधली तार छेडी. टण्! त्या आवाजावरून ताण किती पौंडांचा बसला हे त्यास कळे. मग एका बोटभर चिठ्ठीवर तो आकडा लिहून ती चिठ्ठी मुठीला चिकटवण्यात येई. चिठ्ठीवरचा आकडा आणि तारेचा आवाज यांत एकोणीस वर्षांत कधी तफावत पडली नव्हती, आणि त्यास अभिमान वाटावा अशी तेवढी एकच गोष्ट त्याच्याजवळ होती.

नाही, एक चुकलो. दुसरीही होती. ती म्हणजे त्याची मुलगी. लहानपणी ती पिटुकली म्हणून तिला पिटू म्हणत, आणि चौदाव्या वर्षीही उंचीने काही मनावर न घेतल्यामुळे ते नाव टिकून राहिले. पाच वर्षांची असताना ती शटलच्या खोक्यावर पाय हलवत बसे आणि बाप तार छेडून विचारी, "डोळे मिट. ओळख."

"चोवीस!"

"आणि ही?"

"सव्वीस. बाबा, हिची एक तार रडतेय."

आणि खरोखरच एक तार ढिली निघे. नवव्या वर्षानंतर तिचा अंदाज चुकला नाही. गिऱ्हाइकांसमोर बाप हा खेळ मुद्दाम करून दाखवी आणि वर "छे, छे, त्यात काय एवढं," असे म्हणून मनातल्या मनात फुगे.

असे सर्व सुरळीत चालले असता, एके दिवशी जेवताना पिटू म्हणाली, "आई, सर म्हणतात, घाई करू नकोस, शटल तुझ्याकडेच येतंय."

गटिंगवाल्याचा घास हातातच राहिला. कारण हेच वाक्य, याच शब्दांत, तो गेली सहा वर्षे सज्जातून, जिन्यावरून आणि न्हाणीघराच्या दारातून तिला सांगत आला होता.

"हे मी सांगतो की तुला," तो म्हणाला.

"तुम्ही ओरडता बाबा. सर सांगतात."

"कोण सर?"

"आहेत एक," असे म्हणून ती हात धुवायला उठली, आणि मग टेबलाशी बसून एका निळ्या वहीत ते वाक्य तिने सुवाच्य अक्षरात लिहून काढले. सहा वर्षांत बापाचे एकही वाक्य त्या वहीत चढले नव्हते.

त्या क्षणी मत्सराची पहिली ठिणगी पडली. दुसऱ्या दिवशी त्याने क्रीडागृहाच्या प्रशिक्षक बाईंना गाठले आणि सहज विचारल्यासारखे करून विचारले, "नवीन कोणी सर आलेत का हो शिकवायला?"

"नाही बुवा," बाई म्हणाल्या. "मी एकटीच आहे, आणि मी बाई आहे, एवढं अजून माझ्या लक्षात आहे."

मग शाळेतले सर असतील म्हणून त्याने शाळेच्या फाटकाशी अर्धा तास काढला. तिथे खेळाचे म्हणून जे सर दिसले ते पोटाने इतके संपन्न होते, की शटल त्यांच्याकडे आले असते तरी त्यांना वाकून दिसले नसते. अखेर त्याने बायकोला विचारले. ती टपालखात्यात पत्रांची गावागणिक वर्गवारी करण्याच्या कामावर होती आणि घरातल्याही सर्व गोष्टी तिला योग्य खणात ठाऊक असत.

"अहो, ते तिच्या कार्टूनमधले सर," ती म्हणाली आणि हसत सुटली. "म्हणजे तुम्ही दोन दिवस त्यांना शोधत होतात?"

"कार्टून नाही, ॲनिमे," आतून पिटूने दुरुस्ती केली.

ही बातमी बूटवाल्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागला नाही. "काय रे गटिंगवाल्या," तो बुटाला डिंक लावता लावता म्हणाला, "तुझा वैरी कागदाचा निघाला म्हणे! आता मारामारी कशी करणार? खोडरबर घेऊन?"

वाचकांना वाटेल, की वैरी खोटा निघाल्यावर मत्सर मावळला असेल. तसे झाले नाही; उलट तो भडकला. कारण माणसाशी भांडता येते. माणसाचे उणे काढता येते, तो उशिरा येतो, त्याच्या तोंडाला वास येतो, त्याने स्वतः कधी काय जिंकले, असे चारचौघांत विचारता येते. चित्रातल्या गृहस्थाचे करणार काय? पिटू संध्याकाळी आईचा जुना टॅब पाण्याच्या तांब्याला टेकवून ती मालिका पाही, तेव्हा बाप पाणी पिण्याच्या निमित्ताने मागून जाई आणि तिरक्या नजरेने त्याला न्याहाळी. तिरकी टोपी, गालावर खुंट म्हणून मारलेले सात ठिपके, नाकाच्या जागी एक रेष. एवढ्या भांडवलावर हा इसम माझ्या घरात गुरू होऊन बसला! त्याचा आवाज मात्र, ज्या कोणी आपल्या भाषेत दिला असेल त्याने, विहिरीच्या तळातून आणून दिला होता. गटिंगवाल्याचा स्वतःचा आवाज पातळ होता, ताण जास्त झालेल्या तारेसारखा. एक-दोन दिवस त्याने घरात खोल आवाजात बोलण्याचा प्रयत्न करून पाहिला.

"बाबा, घसा बसलाय का? गुळण्या करा," पिटू म्हणाली.

एकदा त्याने धीर करून विचारले, "जिंकते का गं ती, तुझ्या मालिकेतली बुटकी पोर?"

"छे! सारखी हरते."

"मग बघायचं काय त्यात?"

"हरल्यावरचं." पिटूने मालिका थांबवली. "आपल्याकडे हरलं की घरी येतात, गप्प जेवतात, आणि तुम्ही चार दिवस बोलत नाही. मग एकदम पुढची मॅच. त्यात तसं नाही बाबा. त्यात हरल्यावर अख्खा एक भाग असतो. ती बसमध्ये काय करते, बूट कसे काढते, कोण तिच्याशी बोलत नाही, सगळं. आणि जिची जागा तिने घेतली ना, त्या ताईचाही एक भाग आहे. ती जळते हिच्यावर. पण वाईट नाही दाखवलंय तिला."

जळते हा शब्द ऐकून बाप उगाच खिडकी बंद करायला उठला.

आता मुख्य प्रसंगाकडे वळू. शाळांच्या सामन्यांत पिटू उपांत्य फेरीत पोहोचली. रविवारी सकाळी सामना होता, आणि शनिवारी दुपारी ती शाळेच्या गणवेशातच गाळ्यावर आली. तिच्या एकुलत्या एका चांगल्या रॅकेटीची तार सरावात तुटली होती.

"बाबा, ह्या वेळी बावीस करा."

बापाने वर पाहिले. पिटूची रॅकेट तो पहिल्यापासून सव्वीस पौंडांनी ताणत असे. मोठे खेळाडू सव्वीसच्या खाली उतरत नाहीत, आणि माझी मुलगी मोठी खेळाडू आहे, असा तो न बोलता चाललेला युक्तिवाद होता.

"बावीस? बावीसने म्हातारे खेळतात, संध्याकाळी, पोट कमी करायला."

"माझा खांदा दुखतो सव्वीसने. मागच्या रेघेपर्यंत जातच नाही शटल. सरांनी त्या बुटकीला सांगितलं, दुसऱ्याचा आकडा लावून खेळू नकोस, तुझ्या मनगटाला विचार. मी विचारलं. बावीस म्हणालं."

"मनगट म्हणालं?"

"हो."

"आणि त्या सरांना मनगट तरी काढलंय का नीट? पाहिलं मी, चारच बोटं आहेत हाताला!"

पिटू हसली नाही. "कराल ना?" एवढेच ती म्हणाली. "करतो," असे बापाने म्हटले आणि ती गेली.

ती मागत होती ते रास्त होते, हे त्याच्या हाताला ठाऊक होते. तिच्या खांद्याला ताण पडतो हे त्याने सज्जातून पाहिले होते. स्वतःच्या मनाने तो कदाचित पुढच्या वेळी तेवीस-चोवीसवर आलाही असता. पण त्या सात ठिपक्यांच्या दाढीवाल्याने सांगितले म्हणून? एकोणीस वर्षांचा हात एका रेघोट्यांच्या पुतळ्यापुढे वाकवायचा? त्याने रॅकेट यंत्रात आवळली. काटा बावीसवर आणला. क्षणभर थांबला. मग काटा पुढे सरकवला, तेवीस, चोवीस, आणि सव्वीसवर आणून ठेवला. उद्या ती जिंकेल, मग मी सांगेन की ही सव्वीसच होती, असा विचार त्याने विणता विणता केला, आणि मत्सरी माणसाला आपला विचार नेहमीच न्याय्य वाटतो तसा तो त्यालाही वाटला. शेवटची गाठ मारून त्याने तार छेडली नाही. एकोणीस वर्षांत प्रथमच छेडली नाही. चिठ्ठी घेतली, बावीस लिहिले आणि मुठीला चिकटवली.

पाच वर्षांच्या एका मुलीला खोक्यावर बसवून आपण कोणती विद्या दिली होती, ते मत्सराच्या भरात तो साफ विसरला. दुसऱ्या कोणत्याही बापाची ही लबाडी पचली असती.

रविवारी सकाळी सज्जात पहिल्या रांगेत तो बसला. शेजारी बायको. खाली कोर्टाच्या कडेच्या खुर्चीवर प्रशिक्षक बाई. पिटूने पिशवीतून रॅकेट काढली, आणि हात मोकळे करण्याआधी सवयीने ती कानाशी धरून नखाने तार छेडली. सज्जात आवाज येणे शक्य नव्हते. पण बापाला ते नख दिसले.

तिने पुन्हा छेडली. मूठ फिरवून चिठ्ठी वाचली. मग मान वर करून थेट त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर त्याला बरे वाटले असते. ती नुसती खात्री करून घेणारी नजर होती.

"काय झालं हिला?" बायकोने विचारले.

"कुठं काय," तो म्हणाला. जिना उतरून खाली जायला त्याला वीस पावले लागली असती. तो बसून राहिला.

पहिला गेम ती चौदा-एकवीसने हरली. तिचे उंच फटके मागच्या रेघेच्या दोन हात अलीकडे पडत होते आणि समोरची उंच मुलगी ते आरामात चेपत होती. दुसऱ्या गेममध्ये मात्र पिटूने उंच मारणेच सोडून दिले. ती जाळीजवळ आली. ताठ तारेवर शटल उसळत नाही, जिथे ठेवावे तिथे राहते, हे ओळखून तिने नाजूक, जाळीला घासून पडणारे फटके सुरू केले. ज्या आकड्याशी तिचे पटत नव्हते, त्याच्याकडूनच तिने काम काढून घेतले. तो गेम तिने एकवीस-अठराने जिंकला. बापाने हे कधी शिकवले नव्हते, आणि ते पाहून त्याला अभिमान आणि लाज ही दोन्ही एकाच वेळी वाटली. तिसरा गेम एकोणीस-एकवीसने गेला. खांदा थकला होता.

आई बाईंशी बोलत मागे राहिली. बाप-लेक पुढे चालू लागले. रस्त्याला दुकानांची शटरे उघडत होती.

"बाबा," पिटूने न वळता विचारले, "तार कितीची आहे?"

वाचकहो, इथे खरे बोलण्यास अजूनही अवकाश होता.

"चिठ्ठीवर लिहिलंय की," बाप म्हणाला.

"हं," पिटू म्हणाली.

त्या एका हुंकाराने त्याचे एकोणीस वर्षांचे दुकान बसले.

पुढचे आठ दिवस घरात भांडण असे काही झाले नाही. पिटू विचारलेल्याचे उत्तर देई, ताट उचलून ठेवी. पण गाळ्यावर येणे तिने बंद केले. एक दिवस बापाने घरी आणलेली एक रॅकेट छेडून, हसून विचारले, "ओळख!" ती म्हणाली, "चिठ्ठी बघा ना," आणि आत गेली. बायकोने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "तुमच्या दोघांत काहीतरी चुकीच्या पत्त्यावर पडलंय," ती म्हणाली, "पण मी उघडून वाचणार नाही."

आणि मग शुक्रवारी बूटवाल्याने त्याला हाक मारली. या वेळी तो चेष्टा करत नव्हता.

"अरे, तुझी पोर काल बाईंना विचारत होती, दुसरं कोण गटिंग करतं म्हणून. बाईंनी पलीकडच्या चौकातल्या त्या विजेच्या मशीनवाल्याचं नाव सांगितलं. तुमचं काही बिनसलंय का?"

गटिंगवाल्याच्या हातातली टोचणी खाली पडली. विजेच्या मशीनवाला! ज्याला तारेचा आवाज आणि सायकलची घंटा यांतला फरक कळत नाही! इतके दिवस मत्सर एका चित्राचा होता, आता त्याला रक्तामांसाचा धनी मिळाला. पण गंमत अशी, की या खऱ्या माणसावर त्याला धड रागावताच येईना. त्या मशीनवाल्याने बावीस लिहिले असते तर बावीसच ताणले असते. त्याने सर्व हकीकत, काटा सरकवण्यापासून 'हं'पर्यंत, बूटवाल्याला सांगितली. बूटवाला हातातला बूट खाली ठेवून म्हणाला, "जा, ती मालिका बघ जाऊन. वैरी कसा खेळतो ते तरी बघ."

त्या संध्याकाळी तो घरी लवकर गेला. पिटू तांब्याला टॅब टेकवून बसली होती.

"मी बसू का?"

"कार्टून आहे बाबा हे."

"माहितीये."

"मधूनच नाही बघायचं. पहिल्यापासून बघावं लागतं."

"बघतो."

तिने जरा वेळ विचार केला आणि पहिला भाग लावला. तो शत्रूच्या गोटात शिरल्यासारखा ताठ बसला. पहिल्याच दृश्यात त्याला दोष सापडला. "हे बघ, ह्या चित्रकाराने आडव्या तारा सगळ्या वरूनच नेल्यात! एक वर, एक खाली असं विणायला नको? दोन फटक्यांत सुटेल ही रॅकेट."

पिटूला हसू आले, आणि आल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आलेला दिसला.

रोज दोन भाग. तो सरांची चूक टिपायला बसला होता, पण चूक दिसेना. त्याऐवजी दुसरेच काही दिसू लागले. त्या मालिकेतली मुले फटके शिकत होती खरी, पण मोठी होत होती ती फटक्यांच्या मधल्या वेळात. हरल्यावर बूट काढताना. मैत्रिणीला जागा मिळाली आणि आपल्याला नाही, हे कळल्यावर टाळ्या वाजवताना. घामाचा वास येणाऱ्या खोलीत एकमेकींना खरे सांगताना. जिंकण्याला चित्रकाराने चार-दोन मिनिटे दिली होती आणि उरलेला सगळा वेळ या गोष्टींना. म्हणूनच बुटकी हरली तरी पाहणाराला ती कालच्यापेक्षा उंच वाटे, हे त्याच्या अल्पमतीलाही पटले. त्याच्या स्वतःच्या लहानपणी हरल्यानंतरचा भाग कोणी दाखवलाच नव्हता. गुडघा गेल्यावर सरळ जिन्याखालचा भाग लागला होता.

चौथ्या संध्याकाळी सर चुकले. त्यांनी घोट्याला सूज आलेल्या एका ताईला अंतिम सामन्यात उतरवले, आणि ती कोर्टातच कोसळली. गटिंगवाला पुढे सरकून बसला. सापडला! आता बघू हा महात्मा काय सबब सांगतो.

पडद्यावर सर सहा मुलींपुढे उभे राहिले. संगीत थांबले. त्यांनी इतक्या भागांत प्रथमच टोपी काढली. खाली केस विरळ होते, अगदी गटिंगवाल्याचे होते तितकेच. ते म्हणाले, "माझं चुकलं. जिंकायचं मला होतं. पाय तुझा होता." मुलींनी लगेच माफ केले नाही. पुढच्या भागात त्यांनी सरांवाचून सराव केला, आणि सर कोपऱ्यात पडलेली शटल वेचत राहिले.

भाग संपला. पिटूने पुढचा लावायला बोट उचलले.

"थांब," बाप म्हणाला. आवाज नेहमीपेक्षाही पातळ निघाला. "पिटू, सव्वीस होती."

"माहितीये."

"बावीस लिहिलं मी."

"माहितीये बाबा. कान तुम्हीच दिलेत."

"मग खेळलीस का तिने?"

"दुसरी नव्हती. आणि..." ती तांब्याकडे पाहत राहिली. "मला वाटलं, तुम्ही खाली याल सांगायला."

वीसच पावले होती ती. "माझं चुकलं," तो म्हणाला. हे शब्द त्या गृहस्थाने आदल्याच भागात वापरून टाकले होते, याचेही त्याला वाईट वाटले. पण दुसरे शब्द नव्हते.

"पण का केलंत?"

"तुझ्या त्या सरांचा राग आला म्हणून."

"ह्यांचा?" पिटूने थांबलेल्या चित्राकडे बोट केले.

"त्यांचाच. मी सांगतो ते तू ऐकत नाहीस, आणि ते सांगतात ते वहीत लिहितेस."

पिटूने सरांकडे पाहिले, बापाकडे पाहिले, आणि ओठ दाबून म्हणाली, "बाबा, ह्यांना तर नाकसुद्धा नीट नाही." मग दोघेही इतके हसले, की स्वयंपाकघरातून आईने कोण पडले म्हणून विचारले.

पण हसून झाल्यावर ती गंभीर झाली. "माझी रॅकेट आता मी करणार. तुमच्या मशीनवर, पण मी. तुम्ही बोलायचं नाही."

रविवारी सकाळी पिटू बापाच्या स्टुलावर बसली आणि बाप शटलच्या खोक्यावर. त्या स्टुलावर एकोणीस वर्षांत दुसरे कोणी बसले नव्हते, आणि खोटे कशाला सांगू, तिला तिथे बसलेली पाहून त्याचा जुना मत्सर पुन्हा जागा झाला. तिने जुन्या तारा कापल्या. काटा बावीसवर आणला. उभ्या तारा नीट गेल्या. आडव्यांत सातव्या तारेला ती एका ठिकाणी खालून जायच्या ऐवजी वरून गेली. बापाला ते तत्क्षणी दिसले. त्याने दोन्ही हात खिशात घातले आणि जीभ दातांखाली धरली. आठवी गेली, नववी गेली.

"अरे, सांग की तिला," दारातून बूटवाला कुजबुजला.

"तू तुझे तळवे चिकटव," बाप म्हणाला.

दहाव्या तारेला पिटू थांबली. बोट फिरवत मागे गेली, "च्च" केले, आणि तीन तारा उसवून पुन्हा विणल्या. बापाने श्वास सोडला. शेवटी तिने गाठ मारली, चिठ्ठीवर बावीस लिहिले, मुठीला चिकटवली, आणि रॅकेट त्याच्यापुढे धरली.

"डोळे मिटा. ओळखा."

त्याने डोळे मिटले. टण्.

त्याचा कान फसणे शक्य नव्हते. गाठ सैल पडली होती आणि एक पौंड गळला होता. बावीस म्हणावे, की पोर खूश होईल. पहिल्याच कामाला खोट कशाला? त्याने डोळे उघडले नाहीत.

"एकवीस," तो म्हणाला.

बूटवाल्याची हातोडीसुद्धा थांबली.

"काटा बावीसवर होता!"

"होता. शेवटच्या गाठीत एक पौंड गेला. माझे पहिल्या वेळी तीन गेले होते."

पिटूने रॅकेट कानाशी नेली. एकदा छेडली, दोनदा छेडली, आणि बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने पेन उचलून चिठ्ठीवरचे बावीस खोडले आणि एकवीस लिहिले.

"गाठ दाखवा," ती म्हणाली. "ओरडून नाही."

त्याने पातळ आवाजात, हळू, गाठ दाखवली. तिने पिशवीतून ती निळी वही काढली आणि काहीतरी लिहून वही तशीच उघडी ठेवून हात धुवायला गेली. गटिंगवाल्याने मान लांब करून पाहिले. पानाच्या तळाशी होते: 'शेवटच्या गाठीत एक पौंड जातो. तो धरून ठेवायचा. इति बाबा.'

वरच्याच ओळीत सर होते.

"एक ओळ वर आहे तो अजून," तो बूटवाल्याला म्हणाला. पण हे म्हणताना त्याचे तोंड कानापर्यंत पसरले होते.

येथे ही कथा संपते. लिहिणाराचे शिक्षण बेताचे आहे, हात सदैव डिंकाने चिकट असतात आणि शेजारच्या गाळ्यातल्या टण् आवाजाने वाक्ये मधेच तुटतात. तरी ज्या वाचकांनी ती अखेरपर्यंत जोडून वाचली, त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार मानतो.

आपला नम्र,
बूटवाला
जिन्याखालचा गाळा पहिला